कानाची मातृभाषा

‘माझा भाऊ’ आणि ‘माझी बहीण’ हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. लिहिताना दोन्हीकडे झ एकच. पण ‘माझा’मधला झ दातांशी घासून येतो आणि ‘माझी’ म्हणताना जीभ जरा मागे सरकून टाळूला लागते. आता ‘जग’ म्हणा, दुनिया या अर्थाने. आणि मग कुणाला तरी ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद द्या. ज बदलला. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला चही असाच बदलतो. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, लिपीत त्याची खूण नाही, आणि तरी मराठी घरातलं चार-पाच वर्षांचं पोर यात सहसा चुकत नाही. पुण्यात अर्धं आयुष्य काढलेला, रोज मराठी वर्तमानपत्र वाचणारा लखनौचा माणूस मात्र ‘चांगला’ म्हणताना ‘चार’मधलाच च वापरतो. त्याला मराठी येत नाही असं म्हणायची सोय नसते. व्याकरण चोख असतं, शब्दांचा साठा एखादेवेळी शेजारच्या मराठी बिऱ्हाडापेक्षा मोठा असतो. तरी पहिल्याच वाक्यात कळतं की हा मूळचा इथला नव्हे.

असं दिसलं की लोक दोनपैकी एक निदान करतात. एक, त्याची जीभ वळत नाही. दोन, त्याला भाषांचं अंगच नाही. मला दोन्ही निदानं चुकीची वाटतात. जिभेचं म्हणाल तर तोच माणूस ‘उत्सव’ म्हणतो, ‘वत्सल’ म्हणतो. म्हणजे त आणि स जोडून म्हणायला त्याला अडचण नाही, आणि ‘चांगला’मधला च त्या ‘त्स’च्या अगदी शेजारी आहे. घोडं अडतं ते जिभेच्या आधी. हा च वेगळा आहे हे त्याच्या कानाला ऐकूच येत नाही. आणि ते ऐकू येत नाही याचं कारण त्याने मराठी कच्ची शिकली हे नसून, हिंदी फार पक्की शिकली हे आहे. ॲक्सेंट म्हणजे पहिली भाषा नीट शिकल्याची पावती. एवढंच मला सांगायचं आहे, पण ते पटायला थोडं मागे, पाळण्यापर्यंत जावं लागतं.

कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांवर काही प्रयोग केले. १९८४ साली त्यांचा जो शोधनिबंध आला तो या विषयात आजही पहिल्यांदा सांगितला जातो. त्यांनी निवडलेले आवाज आपल्या ओळखीचे आहेत: हिंदीतले ट आणि त. बाळ आईच्या मांडीवर बसतं. लाउडस्पीकरमधून एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येतं: टा, टा, टा, टा. मध्येच ते ‘ता’ होतं. बदल होताच बाजूच्या काळपट पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळणं हलायला लागतं. काही वेळा असं झालं की बाळ शहाणं होतं. आवाज बदलला की दिवा लागण्याआधीच मान वळवून पेटीकडे बघतं. आईच्या कानांवर हेडफोन चढवून संगीत लावलेलं असतं, नाहीतर नकळत तीच हलायची आणि बाळाला इशारा मिळायचा. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी ट-तमधला फरक ओळखला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो सहसा ओळखता येत नव्हता. आणि दहा ते बारा महिन्यांची बाळं? त्यांतल्या फारच थोड्यांना तो कळला. पहिला वाढदिवस यायच्या आत इंग्रजी घरातलं मूल ट आणि त एकच समजू लागतं. हिंदी घरातली तेवढ्याच वयाची मुलं हा फरक आरामात ओळखत होती.

हे वाचून चुकचुकावंसं वाटतं की बिचाऱ्याची केवढी शक्ती गेली. पण गेलं असं काही नाही. इंग्रजीत ‘एट्थ’ म्हणताना टी दातांना टेकतो आणि ‘ट्री’ म्हणताना मागे सरकतो, जवळजवळ आपल्या तपासून टपर्यंत. इंग्रजी मुलाला हे सगळे एकच आवाज आहेत असं मानायला शिकायचं असतं. प्रत्येक फरकाकडे लक्ष देत बसलं तर त्याला शब्दच ओळखता येणार नाहीत. कशाकडे दुर्लक्ष करायचं हे शिकणं, हाच भाषा शिकण्याचा पहिला धडा आहे, आणि तो पहिलं पाऊल टाकायच्या सुमारास पुरा होतो. स्वरांचा तर त्याहून आधी. पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकन आणि स्वीडिश बाळांवर केलेल्या कामात सहाव्या महिन्यातच आपापल्या भाषेच्या स्वरांकडे कल दिसला.

शिवाय कान बहिरा झालेला नसतो. जपानी लोकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत हे प्रसिद्धच आहे. १९७५ साली संशोधकांनी या दोन आवाजांना वेगळं करणारी नादाची पट्टी सुटी काढून जपानी माणसांना ऐकवली. बोलणं वाटणार नाही अशी, नुसती कुईकुई. ती त्यांना अमेरिकनांइतकीच स्पष्ट वेगळी ऐकू आली. तोच नाद अक्षरात घातला की फरक गायब. म्हणजे आवाज कानात शिरतो. ‘हे बोलणं आहे’ असं ठरल्यावर तो बाजूला टाकला जातो. निकोलाय त्रुबेत्स्कॉय या रशियन भाषाशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा वगैरे नसताना नेमकं हेच ओळखलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर १९३९ साली छापलेल्या ग्रंथात तो म्हणतो की परकी भाषा आपण आपल्या भाषेच्या चाळणीतून ऐकतो. चाळणीला दोष देता येत नाही; तिची भोकं घरातल्या धान्याच्या मापाची आहेत.

आपली चाळण कशी आहे हे पाहायला लांब जायला नको. टेबल, टाइम, डॉक्टर, स्टेशन. इंग्रजीतला टी आपल्या तसारखा दातांना लागत नाही आणि आपल्या टइतका वरही जात नाही. तो हिरडीपाशी, दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. मराठी कानाला मधला खण नाही. म्हणून त्याला तो ट वाटला. ‘थिंक’मधला आवाज आपल्याकडे नाहीच, त्याला थच्या खणात टाकलं. मग हे सगळं आपण देवनागरीत लिहूनही टाकलं. आपला ॲक्सेंट आपल्याकडे छापील आहे, शाळेच्या पुस्तकात आहे. जे मूल आयुष्यात इंग्रज पाहणार नाही तेही ‘टेबल’ लिहिताना तो गिरवतं. उलट बॅट आणि बॉल यांचे स्वर मात्र मराठीने इतके नीट ऐकले की त्यांच्यासाठी लिपीत चंद्राची नवी खूण केली. हिंदीवाले ‘बैट’ लिहितात तेव्हा आपल्याला गंमत वाटते. पण त्याच मराठी माणसाच्या व्हीत आणि डब्ल्यूत फरक नसतो, त्याची वाइन आणि ‘व्हाइन’ एकाच वेलीला लागते.

आता समोरच्याची चाळण. तोंडापुढे तळहात धरा आणि ‘काल’ म्हणा, मग ‘खाल’ म्हणा. दुसऱ्यावेळी हाताला वाफ लागते. इंग्रजी बोलणारा माणूस शब्दाच्या सुरुवातीचे के, पी, टी ही वाफ सोडूनच म्हणतो, आणि आपण ती सोडतो हे त्याला माहीत नसतं. ‘स्काय’मध्ये सनंतर तोच के आला की वाफ निघून जाते, तेही त्याला कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही के एकच. म्हणून तो मराठी शिकू लागला की ‘काल आलात का’ याचं ‘खाल आलात खा’ होतं. आपण हसतो. तो पुन्हा म्हणतो, अगदी मन लावून, आणि पुन्हा ‘खाल’च म्हणतो, कारण त्याच्या मते त्याने आधीही बरोबरच म्हटलं होतं आणि आत्ताही. ‘नीट ऐक, काल! काल!’ असं आपण जोरात सांगतो. जोर लावल्याने त्याच्या कानातला खण तयार होत नाही.

इथे एक उलटी गंमत आहे. अगदी वेगळा आवाज शिकायला सोपा जातो आणि आपल्या आवाजासारखाच पण किंचित वेगळा असलेला कठीण जातो. जेम्स फ्लेगी या अमेरिकन संशोधकाने हे अनेक वर्षं मांडलं: जो आवाज कुठल्याच जुन्या खणात बसत नाही तो निदान खटकतो, लक्ष वेधतो, आणि त्याच्यासाठी नवा खण पडू शकतो. जो जवळजवळ बसतो तो चुपचाप जुन्या खणात जाऊन पडतो. महाराष्ट्रात येऊन मराठी शिकलेल्या हिंदी भाषकांना मी ऐकतो तेव्हा हे नेहमी जाणवतं. ळ त्यांना सुरुवातीला खूप छळतो, पण त्यांतले कितीतरी जण हळूहळू ‘शाळा’ आणि ‘केळं’ स्वच्छ म्हणू लागतात. दातांशी घासणारा च तसा कुणाला छळत नाही. त्यामुळे तो सुधारतही नाही.

मग वयाचा मुद्दा. १९६७ साली एरिक लेनेबर्ग यांनी भाषा आपोआप येण्याची मुदत वयात येण्याच्या सुमारास संपते असं मांडलं, आणि तेव्हापासून ‘बाराव्या वर्षानंतर दार बंद’ हे वाक्य पालकांच्या तोंडी बसलं. किसिंजर बंधूंचं उदाहरणही नेहमी दिलं जातं. दोघे १९३८ साली जर्मनीतून अमेरिकेत आले, हेन्री पंधरा वर्षांचा, वॉल्टर चौदाचा. हेन्रीचं इंग्रजी जन्मभर जर्मन राहिलं, वॉल्टरचं अमेरिकन झालं. एका वर्षात कुठलं दार बंद होणार? फ्लेगी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅनडात स्थायिक झालेल्या २४० इटालियन लोकांची इंग्रजी वाक्यं ध्वनिमुद्रित करून स्थानिकांना ऐकवली. हे लोक दोन वर्षांपासून तेविसाव्या वर्षापर्यंत वेगवेगळ्या वयात तिथे आलेले होते. जितकं उशिरा आगमन तितका ॲक्सेंट ठळक, पण वयात येण्यापाशी कडेलोट असा नाही. उतार सलग होता. पुढच्या एका अभ्यासात आणखी मोलाची गोष्ट दिसली. एकाच वयात आलेल्या माणसांत जे घरी इटालियन जास्त बोलत राहिले त्यांचा इंग्रजीतला ॲक्सेंट जास्त ठळक होता. मुद्दा वयाचा आहेच, पण त्या वयापर्यंत पहिली भाषा किती मुरली आणि पुढे किती जिवंत राहिली, याचाही आहे.

आणि हे सगळं चाललंय ते फक्त उच्चारांबद्दल. बाकीच्या भाषेचा हिशेब निराळा आहे. १९७८ साली हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषक कुटुंबांचा अभ्यास झाला. पहिल्या काही महिन्यांत डच भाषेच्या चाचण्यांत सर्वांत पुढे होती बारा ते पंधरा वर्षांची मुलं, मोठी माणसंही बरी होती, आणि मागे होती तीन ते पाच वर्षांची चिमुरडी, ज्यांच्याबद्दल आपण ‘लहान मुलं काय, पटकन शिकतात’ असं म्हणतो. नियम पकडणं, शब्द साठवणं, वाचणं यात मोठ्यांचं डोकं कमी पडत नाही. लहानगी पुढे जातात ती नंतर, वर्षानुवर्षं ऐकून.

या दोन हिशेबांचा सर्वांत ठसठशीत दाखला जोसेफ कॉनराड. जन्म १८५७ चा, घरची भाषा पोलिश, दुसरी फ्रेंच. इंग्रजी बोटीवर, विशी ओलांडताना शिकला. पुढे इंग्रजी कादंबरीच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला, आणि बोलायला लागला की इंग्रजांना कान टवकारावे लागत. ‘लॉर्ड जिम’च्या पानांत पोलिश ॲक्सेंट शोधून सापडत नाही. आपल्याकडचा थॉमस स्टीफन्स त्याहून जुना. इंग्लंडच्या विल्टशरमधला हा जेझुइट तिशीच्या उंबरठ्यावर १५७९ साली गोव्यात उतरला आणि मराठीत त्याने अकरा हजारांच्या घरात ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. ओव्या म्हणून दाखवताना तो ‘काल’चं ‘खाल’ करत असेल की नसेल, कागदावर त्याची मराठी मराठीच आहे. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर गुजराती गद्याचे मानकरी झाले, इतके की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि परदेशातल्या मराठी घरांना तो जवळचा वाटेल. टेरी ऑ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या अशा विद्यार्थ्यांकडे पाहिलं, ज्यांच्या लहानपणी घरात कुणीतरी स्पॅनिश बोलत असे, पण ते स्वतः बोलले नव्हते. कॉलेजात हे विद्यार्थी इतरांबरोबर पहिल्यापासून स्पॅनिश शिकायला बसले. व्याकरणात ते बाकीच्यांसारखेच चाचपडत होते. उच्चारात मात्र ते जन्मजात स्पॅनिश भाषकांच्या बरेच जवळ होते. न्यू जर्सीत वाढणारी नात आजीच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते म्हणून आजी खंतावते. पण त्या प्रश्नांमधून तिच्या कानात चाळण विणली जात असते. अट एकच, आवाज जित्या माणसाचा हवा. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषकांकडून गोष्टी ऐकवल्या, खेळवलं. बारा बैठकांत ती बाळं चिनी आवाज ओळखू लागली. तीच माणसं, त्याच गोष्टी पडद्यावर दाखवल्या तेव्हा परिणाम शून्य. बाळासमोर इंग्रजी कार्टून लावून मोबाइल टेकवून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

मोठेपणी कान अजिबात बदलत नाही असंही नाही. इंडियानात डेव्हिड पिसोनी यांच्या प्रयोगशाळेत जपानी प्रौढांना र-लच्या जोड्या ऐकवून, दर वेळी बरोबर-चूक सांगत, सराव दिला गेला. एकाच माणसाच्या आवाजावर केलेला सराव नव्या आवाजापुढे फारसा टिकेना. पाच वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांवर केलेला टिकला. पुढे असंही आढळलं की कान सुधारला तसा, न शिकवताही, उच्चार सुधारला. आपल्याकडे भाषेच्या वर्गात पहिल्या दिवसापासून ‘माझ्यामागून म्हणा’ चालतं. आधी महिनाभर नुसतं ‘कोणता च होता, ओळखा’ असं चालवलं तर बरं, असं माझं मत आहे.

इथवर बोलणाऱ्याच्या कानाचं झालं. पण ॲक्सेंट ऐकायला दुसराही कान लागतो, आणि त्याचा हिशेब आपण कधी मागत नाही. मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली चिनी भाषकांची इंग्रजी वाक्यं कॅनडियनांना ऐकवली, लिहून काढायला सांगितली, आणि वर ॲक्सेंट किती जड वाटला तेही विचारलं. अनेक वाक्यं ऐकणाऱ्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर लिहिली आणि शेजारी शेरा मारला: ॲक्सेंट फार. म्हणजे कळण्यात काही अडलं नव्हतं. त्याआधी १९९२ मध्ये डॉनल्ड रूबिन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याचा. दुसऱ्या गटाला व्याख्यान कमी समजलं. चेहरा बघून कान आधीच बंद झाला होता.

आपल्याला यासाठी अमेरिकेकडे बोट दाखवायचं कारण नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं पोर गावाकडून पुण्याच्या वर्गात आलं की गणिताच्या उत्तराआधी त्याचा न ऐकला जातो. त्याच्या घरच्या बोलीत ण नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात मात्र त्याची जात, गाव आणि अक्कल त्या एका अक्षरावरून ठरवली जाते. हा खेळ जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट येते: शत्रूंना हाक मारताना त्यांनी रच्या जागी ल म्हटला आणि ते हरले. ही गोष्ट शुद्ध उच्चारांचा धाक घालायला हमखास वापरतात. पण तिच्याच आगेमागे पतंजलीने दुसरी गोष्ट दिली आहे, ती कुणी सांगत नाही. काही ऋषी रोजच्या बोलण्यात एक वाक्प्रयोग इतका मोडून म्हणत की त्यांचं नावच त्या मोडक्या उच्चारावरून पडलं. ते थोर ज्ञानी होते, आणि यज्ञात मंत्र म्हणताना तसं बोलत नसत, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. मंत्राचा नियम मंत्रापुरता. घरच्या बोलण्याला तो लावायचा नाही, हे महाभाष्यकाराला ठाऊक होतं.

परका ॲक्सेंट ऐकण्याची सवय व्हायला तरी किती वेळ लागतो? ॲरिझोनात कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी हे मोजलं आणि २००४ साली छापलं. स्पॅनिश किंवा चिनी वळणाचं इंग्रजी कानावर पडलं की सुरुवातीला अमेरिकन श्रोता अडखळतो, त्याला उशिरा कळतं. आणि एका मिनिटाच्या आत, दोन-चार वाक्यांत, ही अडखळ बरीचशी निघून जाते. २००८ साली ॲन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी दाखवलं की चार-पाच चिनी माणसांचं इंग्रजी ऐकलेल्याला पुढचा अनोळखी चिनी माणूसही सहज कळतो. बोलणाऱ्याला जे करायला वर्षं लागतात ते ऐकणारा चहा निवायच्या आत करू शकतो. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत मात्र ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’ची शिकवणी आठवडेच्या आठवडे चालत आली, आता बोलता बोलताच उच्चार बदलून पलीकडे पोचवणारी सॉफ्टवेअरंही आली आहेत. पलीकडे फोन धरून बसलेल्या माणसाच्या कानासाठी अजून कुणी वर्ग काढलेला नाही.